सवलत नव्हे, सोय

‘सवलत’ या शब्दाइतका साळसूद आणि तितकाच कपटी शब्द मराठीत क्वचितच सापडेल. एस. टी.च्या तिकिटात सवलत, दिवाळीच्या कापडखरेदीत सवलत! देणाऱ्याने आपल्या पदरचे काही सोडले आणि घेणारा तेवढ्यापुरता त्याचा मिंधा झाला, असा या शब्दाचा उघड अर्थ. हाच शब्द आपण वैद्यकीय महाविद्यालयातल्या अपंग विद्यार्थ्याच्या अर्जाला चिकटवून ठेवला आहे. चाकांच्या खुर्चीवरून हात पोचावा म्हणून शवविच्छेदनाचे टेबल खाली घ्या, असे तो म्हणाला, की ती सवलत. ऐकायला कमी येते म्हणून आवाज वाढवणारा स्टेथोस्कोप वापरू द्या, ही सवलत. हात आखडतो म्हणून लेखी परीक्षेत तासामागे २० मिनिटे अधिक द्या, हीही सवलतच. माझे म्हणणे असे, की यात कोणी कोणाला काहीही सोडलेले नाही. शरीरशास्त्र तेच, प्रश्न तेच, उत्तीर्ण होण्याचे गुणही तेच. बदलते ती टेबलाची उंची.

चष्मा लावून शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला कोणी ‘सवलतीचा सर्जन’ म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. खुद्द स्टेथोस्कोपचा जन्म कसा झाला? १८१६ साली लेनेक नावाच्या फ्रेंच वैद्याला एका तरुण स्त्रीच्या छातीला थेट कान लावणे प्रशस्त वाटेना, म्हणून त्याने कागदाची गुंडाळी करून ती छातीला लावली. धडधाकट वैद्याच्या अडचणीपोटी केलेली ही सोय आज प्रत्येक डॉक्टर गळ्यात मिरवतो. मात्र त्याच नळीत आवाज वाढवण्याची थोडी कळ बसवून मागितली, की वैद्यकशास्त्राची प्रतिष्ठा धोक्यात येते! हा काय न्याय झाला?

मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तराने डॉक्टरी विद्येत नाक खुपसू नये, असे कोणी म्हणेल. पण प्रश्न डॉक्टरीचा नाही, वागणुकीचा आहे. आणि कायद्यानेही तो तसाच मानला आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात निदान ५ टक्के जागा राखल्या आणि वाजवी सोय नाकारणे म्हणजे भेदभाव करणे, असे स्वच्छ लिहिले. तरीही वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांत ‘दोन्ही हात शाबूत’ असण्याची अट होतीच. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ही अट संविधानाच्या आणि त्या कायद्याच्या विरुद्ध असल्याचे ठरवले. त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, याच न्यायालयाने बजावले होते, की केवळ अपंगत्वाच्या टक्केवारीवर बोट ठेवून प्रवेश नाकारू नका. हा विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकेल की नाही, ते पाहा.

निकाल उत्तम आहेत. पण ते मिळवायला विशीतल्या पोरांना दिल्लीपर्यंत जावे लागले, हे विसरू नये. ‘नीट’ परीक्षेत हक्काचा एक तास चुकीने नाकारला गेलेल्या विद्यार्थिनीचे प्रकरण नोव्हेंबर २०२१ मध्ये निकाली निघाले. अन्याय झाला, हे न्यायालयाने मान्य केले. फेरपरीक्षा मात्र तिला मिळाली नाही.

आणि प्रवेश मिळाल्यावर पुढे काय? माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला कमी ऐकू येते. समोरच्याच्या ओठांवरून तो बरेचसे बोलणे टिपतो. त्याच्या शालान्त परीक्षेच्या वेळी आमच्या शाळेनेच कागद भरून मंडळाकडे धाडले होते. त्याला कोणाची मनधरणी करावी लागली नाही. वैद्यकीय महाविद्यालयात गेल्यावर त्याने अर्ज केला, की वॉर्डातून फिरताना शिक्षकांनी ओठ दिसतील असे पारदर्शक मास्क लावावेत. उत्तर मिळाले, “उद्या रोग्यांनी काय तुमच्यासाठी ओरडून बोलायचे? झेपत नव्हते तर आलात कशाला?” हे उत्तर देणारे गृहस्थच पुढे त्याची तोंडी परीक्षा घेणार होते. पोराने दुसरा अर्ज केला नाही. तो गप्प बसायला शिकला.

रोग्याच्या जिवाची काळजी वाहणाऱ्यांनी येथे जरा थांबावे. रोग्याचा जीव सर्वांत मोठा, हे मलाही मान्य आहे. म्हणूनच विचारतो : धोका कोणापासून अधिक? “मला नीट ऐकू आले नाही, औषधाचे नाव पुन्हा सांगा,” असे निःसंकोच म्हणणाऱ्या डॉक्टरपासून, की आपले व्यंग उघडे पडेल या भयाने मान डोलावणाऱ्या डॉक्टरपासून? व्यंगाने रोगी मरत नाही, लपवाछपवीने मरू शकतो. आणि लपवायला शिकवतो तो आपणच.

कर्तबगारीचे दाखले हवे असतील तर घ्या. ऐकू येईनासे झाल्यावर हेलन टॉसिग बोटांनी बालकांच्या हृदयाचे ठोके वाचीत. १९४४ साली बाल्टिमोरला ‘निळ्या बाळां’वर जी शस्त्रक्रिया झाली, तिची कल्पना त्यांची. १९५४ च्या अपघाताने कमरेखाली लुळ्या झालेल्या मेरी व्हर्गीस यांनी वेलोरला चाकांच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. बालपणी पोलिओ झालेल्या मुंबईच्या सुरेश अडवाणींना वैद्यकीय प्रवेश आधी नाकारला गेला होता. तेच पुढे नामांकित कर्करोगतज्ज्ञ झाले आणि २०१२ साली पद्मभूषण ठरले. पण खरे सांगायचे तर हे दाखले देतानाही मला संकोच वाटतो. धडधाकट विद्यार्थ्याला आपण ‘आधी असामान्य होऊन दाखव, मग बाक देतो’ असे म्हणत नाही. अपंग विद्यार्थ्यालाही सामान्य डॉक्टर होण्याचा हक्क हवा.

२०१५ पासून सरकारी भाषेत ‘दिव्यांग’ शब्द आला. नाव दिव्य झाले, पण मागणारा हात पसरलेलाच राहिला. माझा आक्षेप आहे तो या हात पसरण्याला. गरज विद्यार्थ्याने सिद्ध करीत फिरायची नसते, ती संस्थेने विचारायची असते. आणि विचारणारा माणूस त्याचा परीक्षक नसावा, एवढे तारतम्य तर कोणत्याही खेड्यातल्या शाळेला असते.

प्रवेशाच्या अर्जात तुम्ही बापाचे नाव विचारता, जात विचारता. त्याखाली प्रत्येक विद्यार्थ्यासाठी आणखी एक ओळ छापा : ‘तुम्हाला शिकण्यासाठी काय लागेल?’ शाई फार खर्ची पडणार नाही.