मैफलीचा उंबरठा

पाणी, रस्ते, करवाढ आणि कारखान्यांतील तंटे हे विषय या पृष्ठावर नित्य येतात व आलेच पाहिजेत. आज आम्ही येथे गाण्याविषयी लिहीत आहोत. गाणाऱ्यांविषयी नव्हे, तर जे आजवर समोर बसून गाणे ऐकावयास एकदाही गेले नाहीत त्यांच्याविषयी. त्यांची संख्या आपल्या शहरात थोडकी नाही. शिवाय त्यांतील पुष्कळजण सुशिक्षित आहेत, चार पैसे बाळगून आहेत आणि ‘संगीताची आवड आहे’ असे विचारल्यास आनंदाने सांगणारेही आहेत. पहिल्या पानाची जागा असल्या विषयाला कशाला, असे कोणी म्हणेल. ज्या शहराचे अर्धे आयुष्य पाळ्यांच्या घड्याळावर चालते, त्या शहराने उरलेल्या वेळाचे काय करावे हा प्रश्न आम्हांस नळाच्या पाण्याइतकाच सार्वजनिक वाटतो.

रावेतचेच पाहा. शहराच्या पाण्याचा मोठा भाग जेथून उपसला जातो तो पवनेवरील बंधारा तेथे आहे. मुंबईकडून बंगळूरकडे जाणारा महामार्ग तेथून जातो, आकुर्डीचे रेल्वे स्थानक जवळ आहे. जेथे शेते होती तेथे आता मजल्यांवर मजले चढले आहेत, आणि त्यांत हिंजवडीचे संगणकतज्ज्ञ, चाकणच्या कारखान्यांतील अभियंते, विदर्भ-मराठवाड्यातून, खानदेशातून, सीमेपलीकडच्या कर्नाटकातून आलेली कुटुंबे, आणि मुलाकडे राहावयास आलेले त्यांचे वृद्ध आईवडील अशी मंडळी नांदत आहेत. या वसाहतींत उद्वाहक आहे, व्यायामशाळा आहे, पोहण्याचा तलाव आहे. परंतु सुटीच्या दिवशी ही मंडळी करतात काय? मॉलमध्ये एक फेरी, हॉटेलात एक जेवण, आणि उरलेला वेळ घरातील प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र पडदा व प्रत्येकाच्या कानी स्वतंत्र यंत्र. पावसाळ्यात लोणावळ्याच्या वाटेवर मोटारींच्या रांगेत दोन तास निमूटपणे काढणारा कुटुंबप्रमुख चिंचवडच्या नाट्यगृहात दोन तास गाणे ऐकावयास मात्र कचरतो. एका मजल्यावर राहणारी चार कुटुंबे एकमेकांच्या शेजारी बसून वर्षभरात काहीही ऐकत नाहीत, ही गोष्ट आम्हांस साधी वाटत नाही.

कचरण्याची कारणे विचारावीत तर पहिले उत्तर ठरलेले असते: ‘आम्हांला त्यातले काही कळत नाही.’ हे उत्तर विनयाचे दिसते, आणि म्हणूनच त्याला कोणी हटकत नाही. खरे पाहता त्यात भीती असते. आपण नको तेथे टाळी वाजवू, शेजारचा जाणकार मान डोलावील तेव्हा आपली मान स्थिर राहील, मध्येच उठावे लागले तर लोक वळून पाहतील, अशी ती भीती आहे. ती निर्माण करण्यात जाणकार म्हणवणाऱ्या मंडळींचा हातभार मोठा आहे, हे आम्ही स्पष्टच सांगतो. पहिल्या रांगेत बसून गवय्याने स्वर लावण्याआधीच ‘वाहवा’ करणारे आणि मध्यंतरात चहा घेताना रागांची नावे एकमेकांच्या अंगावर फेकणारे हे सद्गृहस्थ नवख्या श्रोत्याला जितके दूर लोटतात, तितके तिकिटाचा दरही लोटत नसेल.

अध्यापनाचा व्यवसाय आम्ही काही वर्षे केला आहे. कविता प्रथम मोठ्याने वाचून दाखवावयाची आणि अर्थ मागाहून सांगावयाचा, हा त्या व्यवसायातील जुना शिरस्ता. अर्थ आधी सांगितला की मुले कविता ऐकत नाहीत, अर्थ तेवढा उतरवून घेतात. गाण्याचेही तेच आहे. कळावे म्हणून ऐकावयाचे असते. कळल्यावर ऐकू असे ठरवणाऱ्याला ते कधीच कळावयाचे नाही.

तरीही अगदी रिकाम्या हाताने जाणे ज्यांना अवघड वाटते, त्यांच्यासाठी दोन शब्द. गायक आल्याबरोबर गाऊ लागत नाही. तंबोरे जुळवले जातात, तबला लावला जातो. हा वेळ फुकट गेला असे समजू नये. पुढे तासभर कानावर पडावयाचा आहे तो षड्ज याच वेळी कानात बसतो. मग विलंबित ख्याल सुरू होतो. बडा ख्याल पुष्कळदा बारा मात्रांच्या एकतालात असतो, आणि लय फार संथ असेल तर त्याच्या एका आवर्तनाला पाऊण मिनिटही लागते. नवख्या माणसाला येथे कंटाळा येतो. येऊ द्यावा. त्या वेळी रागाचे नाव आठवण्याची खटपट सोडून एकच गोष्ट धरावी: सम. गायक कितीही दूर भटकला तरी ज्या मात्रेवर तो बंदिशीच्या मुखड्यासह परत येऊन पडतो, ती जागा. दोन-चार आवर्तने बोटांवर मोजून पाहिली तर पाचव्या आवर्तनाला आपलेच मन समेच्या आधी सावरून बसते, आणि गायक तेथे येऊन पोहोचला की शेजारच्या जाणकाराची मान आणि आपली मान एकाच क्षणी हलते. यात विद्वत्तेचा काही संबंध नाही. पुढे द्रुत ख्याल, कधी तराणा, आणि शेवटी अभंग, नाट्यपद किंवा भैरवी. पहिल्या दिवशी शेवटचे अर्धा तासच आवडले, तरी संध्याकाळ वाया गेली असे कोणी मानू नये.

दुसरी अडचण तिकिटाची सांगतात. ‘पैसे देऊन ऐकावयाचे, तेही न कळणारे!’ येथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. कुरुंदवाडास १८७२ मध्ये जन्मलेले आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर १८९६ मध्ये मिरज सोडून बाहेर पडले. तोपर्यंत उत्तम गाणे ऐकावयाचे तर दरबारात किंवा धनिकाच्या दिवाणखान्यात प्रवेश हवा. आणि तो प्रवेश आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कितीजणांना मिळाला असता? पलुसकरांनी काठेवाडात अल्प शुल्क ठेवून सर्वांसाठी जाहीर मैफल केली, आणि १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले तेही कोणा राजाच्या पदरी राहून नव्हे, लोकांच्या देणग्यांवर. त्याआधी १८८० मध्ये पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने तिकीट काढून गाणे ऐकण्याची गोडी मराठी माणसाला लावलीच होती. त्या प्रयोगाला आलेल्या कारकुनांना आणि मास्तरांना राग ओळखता येत होते काय, याची चौकशी दाराशी कोणी केली नाही. तिकीट दाखवणाऱ्याला कुळ, शील, ज्ञान यांतले काही विचारले जात नाही, हीच तिकिटाची थोरवी. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ मध्ये निवर्तले. पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी पुण्यात गुरूच्या स्मरणार्थ जो उत्सव मांडला, तो आज देशातील मोठ्या संगीत महोत्सवांत गणला जातो. तो मोठा झाला तो चार पंडितांमुळे नव्हे. भारतीय बैठकीवर, सतरंजीवर मांडी घालून, शेजारी डबा ठेवून बसणाऱ्या सामान्य श्रोत्यांनी तो मोठा केला.

तेव्हा रात्र रात्र जागावी लागे, म्हणून संसारी माणूस भीत असे. तेही आता राहिलेले नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद करावयास लावले आहेत, आणि मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातील मोजक्या दिवसांपुरती आहे. पहाटेचे राग त्यामुळे मैफलीतून जवळजवळ हद्दपार झाले, याची खंत जुन्या श्रोत्यांना वाटते व ती खोटी नाही. पण सकाळच्या पाळीला साडेसहाला बस पकडणाऱ्या नवख्याला हाच नियम सोयीचा आहे. महोत्सव रमणबागेतून मुकुंदनगरला गेला, आणि २०२४ च्या सप्टेंबरात मेट्रो पिंपरीहून स्वारगेटपर्यंत धावू लागली. स्वारगेटहून मुकुंदनगर ते किती दूर?

आणि पुण्यालाच जावे असे तरी कोठे आहे? चिंचवडला प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, पिंपरीत आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, निगडीला गदिमांच्या नावाचे नाट्यगृह उभे राहिले आहे. मोरया गोसावींच्या समाधी महोत्सवात मार्गशीर्षात गाण्याचे कार्यक्रम होतात, तेही त्याच पवनेच्या काठी, रावेतहून खाली वाहत गेलेल्या पाण्याशेजारी. आषाढी वारीत देहूहून निघालेल्या तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. १६८५ पासून चालत आलेला हा सोहळा म्हणतात. त्या रात्री तेथे टाळ-मृदंगावर जे ऐकू येते त्याला तिकीट नाही, आसनक्रमांक नाही, आणि समोर बसलेल्या वारकऱ्याला अभंगाची चाल कोणत्या रागातली हे सांगता येत नसले तरी त्याचा टाळ चुकत नाही. रावेतच्या बाराव्या मजल्यावरून त्या रात्री वाहतुकीच्या कोंडीची तक्रार करणाऱ्या मंडळींनी एकदा खाली उतरून चालत तेथवर जावे. वडील मंडळींना बरोबर न्यावे. गावी भजनी मंडळात बसणारा म्हातारा येथे येऊन दूरचित्रवाणीसमोर गप्प बसला आहे. त्याला आपल्या नातवाला काही दाखवावयाची संधी मिळेल.

तरुणांविषयी मात्र आमचे म्हणणे रूढ अग्रलेखांहून निराळे आहे. २०१० पासून पुण्यात ‘वीकेंडर’ सुरू झाला, २०१६ मध्ये गोव्याचा ‘सनबर्न’ पुण्याजवळ आला, आणि २०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईच्या क्रीडांगणावर ‘कोल्डप्ले’ ऐकण्यासाठी या पट्ट्यातूनही मुले गेली. त्या आवाजाची पातळी आम्हांस सोसत नाही, दरांविषयी तर न बोललेले बरे. परंतु ज्या मुलाने तिकिटासाठी तासन् तास खटाटोप केला, प्रवास केला, हजारो अनोळखी माणसांत उभे राहून एका सुरात आवाज मिसळला, त्याने उंबरठा ओलांडलेला आहे. त्याची टिंगल करणाऱ्या वडिलांनी स्वतः शेवटची मैफल केव्हा ऐकली, हे आधी सांगावे. असा मुलगा उद्या सतारीच्या मैफलीला येईल; घरी बसणारा कशालाच येणार नाही.

आता दोष श्रोत्यांचाच आहे काय? मुळीच नाही. एखाद्या कुटुंबाने धीर करून जावे आणि सहाची वेळ छापलेल्या कार्यक्रमात सव्वासातपर्यंत दीपप्रज्वलन, शाली, नारळ, प्रास्ताविक आणि आभाराचेही आभार ऐकावेत, हा अनुभव आपल्या शहरात दुर्मीळ नाही. गायकाच्या वाट्याला मग पाऊण तास उरतो आणि तो घड्याळाकडे पाहत गातो. पुढच्या चार रांगा निमंत्रितांसाठी राखून ठेवलेल्या, निमंत्रित आलेले नाहीत, आणि पैसे देऊन आलेला माणूस खांबाआड, हे दृश्यही ओळखीचे आहे. पहिल्या खेपेलाच हे पदरी पडले तर दुसरी खेप होत नाही. सत्कार करावयाचेच तर ते मैफल संपल्यावर करावेत. खरी आस्था असलेले थांबतील.

घरातील स्त्रीचा प्रश्न आम्ही मुद्दाम स्वतंत्र घेतो. पुरुषाने ‘चला, गाण्याला जाऊ’ म्हटले की संध्याकाळचा स्वयंपाक दुपारी होतो, मुलांचा अभ्यास आधी उरकतो, आणि नाट्यगृहात बसल्यावरही तिचे अर्धे लक्ष परतीच्या वाटेकडे असते. त्या एका दिवशी घरी चूल पेटली नाही तर काही बिघडत नाही. पण परतीची वाट तिच्या हाती नाही, महानगरपालिकेच्या आणि पीएमपीच्या हाती आहे. रात्री साडेदहाला चिंचवडच्या किंवा निगडीच्या नाट्यगृहाबाहेर उभी राहणारी, रावेत, किवळे, पुनावळे अशी फिरणारी एक बस कार्यक्रमाच्या दिवसांपुरती ठेवणे अशक्य आहे काय? मोटार असलेल्यांना तिची गरज नाही हे खरे. पण ज्यांच्याकडे मोटार नाही अशी कुटुंबेही याच रावेतमध्ये राहतात, आणि मोटार असलेल्या घरातही ती चालवणारा पाळीवर असतो.

महानगरपालिकेने भरवलेला स्वरसागर महोत्सव या शहराने पाहिला आहे, मोठमोठे कलावंत ऐकले आहेत. आमची सूचना एवढीच की, त्याचे एक सत्र नाट्यगृहातून बाहेर काढून रावेतमध्ये मोकळ्या मैदानावर घ्यावे. रविवारची सकाळ असावी, म्हणजे रात्रपाळीचा माणूसही येईल आणि हद्दपार झालेले सकाळचे राग परत ऐकू येतील. दर पन्नास रुपये ठेवावा, फुकट ठेवू नये. सुरुवातीला एखाद्या जाणत्या शिक्षकाने पाच मिनिटे, घड्याळ लावून पाच मिनिटे, समेची जागा टाळी देऊन दाखवावी. सतरंज्या मांडाव्यात, मागे गुडघेदुखीवाल्यांसाठी खुर्च्या ठेवाव्यात, आणि पुढची जागा जो आधी येईल त्याची. कार्यक्रमाचा फलक प्रत्येक वसाहतीच्या प्रवेशद्वाराशी, सुरक्षारक्षकाच्या चौकीशेजारी, आठ दिवस आधी लागावा. पाणीपट्टीची नोटीस तेथे वेळेवर पोहोचते, तेव्हा हाही पोहोचू शकेल.