नाट्यगृह जळालं कोल्हापुरात, देवणीचा काय संबंध?

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्याच दिवशी या गायक-नटाची जयंती होती. राजर्षी शाहूंच्या काळातली वास्तू, त्यामुळे हळहळ राज्यभर झाली. पण जिथे जळायला नाट्यगृहच नाही, तिथलं काय?

लातूर जिल्ह्यातल्या आपल्या देवणीचंच बघा. हौशी मंडळींनी संगीत नाटक बसवलं, तर प्रयोग करायचा कुठे? मंगल कार्यालयात किंवा शाळेच्या मैदानात. साधं नाटक माईकवर निभावतं. संगीत नाटकात नट ऐनवेळी तान वाढवतो. ऑर्गन आणि तबलावाल्याला तो दिसला पाहिजे, ऐकू आला पाहिजे. पत्र्याखाली आवाज घुमतो, मैदानात वाऱ्यावर जातो.

रत्नागिरीत 'खल्वायन' ही हौशी संस्था वर्षानुवर्षं संगीत नाटकं करते. गावात सावरकर नाट्यगृह आहे, राज्य संगीत नाट्य स्पर्धाही तिथे झाली आहे. गाणारे गळे काय फक्त कोकणातच आहेत? आपल्याकडच्या भजनी मंडळात एकदा बसून बघा!

नांदेडला शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह आहे म्हणा. पण देवणीहून नट, साथीदार, ऑर्गन, पडदे न्यायचे आणि रात्रीतून परतायचं. टेम्पोचं भाडं कोण देणार?