‘रा.वन’ची अपकीर्ती : किती न्याय्य, किती अन्याय्य?

एखाद्या चित्रपटाविषयी समाजाचे मत एकदा बनले की ते सहसा बदलत नाही. ज्यांनी चित्रपट पाहिला ते बोलतात, ज्यांनी पाहिला नाही तेही त्यांचेच शब्द उच्चारू लागतात आणि चार-दोन वर्षांत ते मत म्हणीसारखे रूढ होते. २६ ऑक्टोबर २०११ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी प्रदर्शित झालेल्या ‘रा.वन’ या हिंदी विज्ञानपटाचे नेमके असेच झाले. अनुभव सिन्हा यांचे दिग्दर्शन, मुंबईच्या ‘रेड चिलीज’ची निर्मिती, शाहरुख खान, करीना कपूर व अर्जुन रामपाल यांच्या प्रमुख भूमिका आणि शंभर कोटींच्या पुढे गेलेला खर्च, एवढा सरंजाम असूनही ‘पैशाचा चुराडा’ याच शब्दांत त्याची आठवण काढली जाते. तिकीटखिडकीवर गर्दी झाली होती, परंतु कीर्ती मिळाली नाही. ही अपकीर्ती त्याच्या पदरी योग्य कारणांसाठी पडली का, हा प्रश्न आज पुन्हा विचारण्याजोगा आहे. कारण त्या चित्रपटाने जी कल्पना हाताळली, ती आज मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यापर्यंत येऊन पोहोचली आहे.

बापाने घडवलेला खलनायक

कथा थोडक्यात अशी. लंडनमध्ये स्थायिक झालेला शेखर सुब्रमण्यम हा संगणकीय खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला आहे. स्वभावाने भोळा, काहीसा भित्रा. त्याच्या मुलाला, प्रतीकला, अशा बापाची लाज वाटते. मुलाला नायक आवडत नाहीत, त्याला खलनायकांचे आकर्षण आहे. खलनायकाला नियम नसतात म्हणून तो श्रेष्ठ, असे त्याचे गणित. मुलाच्या नजरेत मोठे होण्यासाठी बाप असा खेळ तयार करतो की, ज्यातील खलनायक नायकापेक्षा बलाढ्य असेल आणि प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक चालीवरून शिकत जाईल. त्याचे नाव ‘रा.वन’. याच कंपनीने संगणकातील वस्तू प्रत्यक्ष जगात आणण्याचे तंत्रही शोधलेले असते. खेळ अर्धवट राहतो, अपमानित खलनायक पडद्याबाहेर येतो आणि आपल्या निर्मात्याचाच बळी घेतो. पुढे मायलेक मुंबईला येतात आणि बापाचाच चेहरा लाभलेला ‘जी.वन’ हा खेळातील नायक त्यांच्या रक्षणास उभा राहतो.

या कथाबीजाकडे शांतपणे पाहिले, तर ते सामान्य नाही. येथील अनर्थ कोणा परकीय शत्रूने किंवा वेड्या शास्त्रज्ञाने ओढवलेला नाही. मुलाचा हट्ट पुरवणाऱ्या एका प्रेमळ पित्याने तो घडवला आहे. लेकराच्या कौतुकापोटी आपणच घरात काय आणून ठेवतो, हा प्रश्न कोणत्याही सुशिक्षित कुटुंबाला अस्वस्थ करील. ज्या बापाला मुलाने कमी लेखले, त्याच्याच रूपाने पुढे संरक्षण येते, हेही भारतीय कुटुंबभावनेला धरून आहे. परदेशी महानायकपटांत हा धागा फारसा आढळत नाही.

आरोप, जे मान्य करावेच लागतील

मात्र बीज चांगले म्हणून पीक चांगले, असे म्हणता येत नाही. ‘रा.वन’वर झालेले पुष्कळसे आरोप खरे आहेत. पहिल्याच स्वप्नप्रसंगातील पात्रांना द्व्यर्थी व अश्लील नावे देण्यात आली. मुलांसाठी म्हणून जाहिरात केलेल्या चित्रपटात नायिकेला शिव्यांची संशोधक करून त्यावर विनोद बेतण्यात आले. दाक्षिणात्य नायकाचे चित्रण करताना नूडल्समध्ये दही कालवून हाताने खाणारा, गबाळा मनुष्य एवढीच कल्पना सुचली. ज्या तमिळ समाजाने भारतीय गणिताला आणि विज्ञानाला श्रीनिवास रामानुजन व सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यासारखी रत्ने दिली, त्या समाजातील संगणकतज्ज्ञाचे असे व्यंगचित्र काढणे हा निव्वळ अडाणीपणा होय. येथे प्रेक्षक रुष्ट झाले ते योग्यच झाले.

दुसरा आरोप तर्कशुद्धतेचा. विज्ञानकथेत एखादी अशक्य गोष्ट गृहीत धरण्याची मुभा असते, परंतु त्यानंतरचे सर्व काही त्या गृहीताला धरूनच घडावे लागते. मराठी वाचकाला ही शिस्त नवी नाही. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि ती पारितोषिकपात्र ठरली. तेव्हापासून मराठी विज्ञानकथेने ‘एक कल्पना आणि तिचे सर्व परिणाम’ हा दंडक पाळला. त्या कसोटीवर ‘रा.वन’ उतरत नाही. यंत्ररूपी पात्राला देह कसा मिळतो, याचे एक व्याख्यान आरंभी होते आणि पुढे पटकथेच्या सोयीप्रमाणे ते विसरले जाते. नायकाची शक्ती कधी अमर्याद, तर कधी प्रसंगापुरती शून्य होते.

तिसरा दोष प्रसिद्धीचा. २०११च्या क्रिकेट विश्वचषकाच्या काळातच चित्रपटाची झलक दूरचित्रवाणीवर आली होती. पुढे दिवाळीपर्यंत जाहिरातींचा असा मारा झाला की, चित्रपट कितीही चांगला असता, तरी त्या अपेक्षांना पुरा पडला नसता. लोकांच्या रागाचा मोठा भाग या अतिरेकी प्रचाराच्या वाट्याचा होता. तो चित्रपटाच्या खात्यावर जमा झाला.

वेरूळचा रावण आणि पडद्यावरचा रावण

हे दोष मान्य केल्यावरही एक गोष्ट उरते, ती म्हणजे रावणाच्या प्रतीकाचा वापर. येथे छत्रपती संभाजीनगरच्या रसिकाला विशेष अधिकाराने बोलता येईल. शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर वेरूळच्या लेण्यांत रावण अनेक ठिकाणी कोरलेला आहे. १४ क्रमांकाच्या लेण्याला लोक ‘रावण की खाई’ म्हणूनच ओळखतात. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात घडलेल्या कैलास मंदिरात कैलास पर्वत उपटू पाहणाऱ्या रावणाचे शिल्प आहे. त्या शिल्पकाराने रावणाला लहान केलेले नाही. त्याचे बाहू चहूकडे फाकलेले आहेत, सारा देह जोर लावतो आहे. वर पार्वती घाबरून शिवाला बिलगली आहे, सखी पळते आहे. एवढ्या कल्लोळात शिव मात्र शांत बसला आहे आणि पायाच्या अंगठ्याच्या दाबाने पर्वत स्थिर करतो आहे. अधर्माचे बळ खरे असते, त्याची टवाळी करून ते कमी होत नाही, हे त्या शिल्पकाराला ठाऊक होते.

‘रा.वन’च्या लेखकांना यातील अर्धी गोष्ट उमगली होती. त्यांचा खलनायक विदूषक नाही. विजयादशमीच्या प्रसंगात, रावणाचे दहन दरवर्षी करावे लागते याचा अर्थ तो मरतच नाही, असा युक्तिवाद तो करतो. महाराष्ट्रात दसरा प्रामुख्याने सीमोल्लंघनाचा आणि आपट्याची पाने वाटण्याचा. रावणदहन उत्तरेकडील प्रथेतून येथे अधिक रुजले. तरीही या युक्तिवादातील टोचणी मराठी मनालाही लागते. शेवटच्या संघर्षात हा खलनायक स्वतःची दहा रूपे करतो. त्यांतील खरा कोण, हे ओळखण्याची खूण एकच असते : सावली फक्त खऱ्याची पडते. दशाननाची इतकी नेटकी आधुनिक मांडणी हिंदी चित्रपटात क्वचितच झाली असेल. समीक्षकांनी वेशभूषेची आणि गाण्यांची चर्चा भरपूर केली, या प्रसंगाची फारशी केली नाही.

उरलेली अर्धी गोष्ट मात्र हुकली. वेरूळच्या शिल्पात रावणाइतकाच विचार शिवाच्या स्वस्थतेचा झाला आहे. ‘रा.वन’मध्ये खलनायकाला तत्त्वज्ञान आहे, नायकाला नाही. ‘जी.वन’पाशी यंत्र आहे, एक गोळी असलेली बंदूक आहे, शाहरुख खानची लोकप्रियता आहे. परंतु तो कशासाठी लढतो याचे उत्तर आज्ञावलीपलीकडे जात नाही. रावण रचताना प्रतिभा खर्च झाली आणि राम रचताना ती आटली. या चित्रपटाचे खरे अपयश हे आहे आणि त्याच्या निंदकांनी नेमके तेच कधी सांगितले नाही.

कारागिरीचा सन्मान

कारागिरीच्या बाबतीत तर निकाल सरळ आहे. ५९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, ज्या वर्षी मराठी ‘देऊळ’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या सन्मानात वाटा मिळाला, त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट दृश्यपरिणामांचा पुरस्कार ‘रा.वन’ला देण्यात आला. धावत्या लोकलमधील संघर्ष आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची पडझड ही दृश्ये आजही पाहण्यासारखी आहेत. विदेशी तज्ज्ञांचे साहाय्य घेतले गेले होते, तथापि कामाचा मोठा भार मुंबईतील तरुण तंत्रज्ञांनी वाहिला. असे कौशल्य एका चित्रपटात येत नाही. ते एका अपयशातून दुसऱ्या प्रयत्नात मुरत जाते. २०१५ साली ‘बाहुबली’ने आणि २०२४ साली ‘कल्की २८९८ एडी’ने जे भव्य दृश्यविश्व उभे केले, त्याच्या पूर्वतयारीच्या इतिहासात २०१०चा ‘एन्दिरन’ जसा येतो, तसाच ‘रा.वन’ही यायला हवा.

याउलट उदाहरण २०२३ सालच्या ‘आदिपुरुष’चे. तेथे तंत्रज्ञान बारा वर्षांनी पुढे गेले होते, पैसा कितीतरी अधिक होता आणि विषय साक्षात रामायणाचा होता. तरीही संवादांच्या उथळपणाने आणि रावणाच्या विद्रूप कल्पनेने भाविक प्रेक्षक दुखावला. ‘रा.वन’ने रामायणाचे केवळ एक प्रतीक उसने घेतले आणि ते बऱ्यापैकी सांभाळले. ‘आदिपुरुष’ने सारा ग्रंथ हाती घेतला आणि त्याचे भान सोडले. दोघांना एकाच तराजूत घालणे न्यायाचे होणार नाही.

आजच्या घरातील प्रश्न

प्रतिस्पर्ध्याकडून शिकणारा खेळ ही कल्पना २०११ साली अनेकांना पोरकट वाटली. १९९७ साली ‘डीप ब्लू’ने बुद्धिबळात कास्पारोव्हला हरवले होते खरे, परंतु तो मुख्यतः प्रचंड गणनेचा विजय होता. २०१६ साली ‘अल्फागो’ने ‘गो’ या अतिकठीण खेळात ली सेडॉलला ४-१ असे हरवले, तेव्हा यंत्र खेळता खेळता शिकते याचा जगाला प्रत्यय आला. २०२२च्या अखेरीस ‘चॅटजीपीटी’ आले आणि बोलणारे यंत्र शाळकरी मुलांच्या हाती गेले. यंत्राला देह फुटलेला नाही आणि तो फुटेल अशी भीती बाळगण्याचे कारणही नाही. परंतु आपल्या मुलाची प्रत्येक चाल टिपणारी, त्याला काय आवडते हे ओळखून तेच पुन्हा पुढे ठेवणारी आज्ञावली आज प्रत्येक भ्रमणध्वनीत आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांनी अनेक कुटुंबे उद्ध्वस्त होऊ लागली, तेव्हा ऑगस्ट २०२५मध्ये संसदेला त्यांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. कायदा पैशाच्या खेळांपुरता आहे. खलनायकाविषयी मुलाच्या मनात असलेल्या आकर्षणावर कोणताही कायदा चालत नाही. ते काम घरालाच करावे लागते. प्रतीकचा प्रश्न त्यामुळे आज अधिक खरा झाला आहे.

तेव्हा निवाडा असा करावा लागेल. अश्लील विनोद, प्रांतीय व्यंग, सैल तर्क आणि बेसुमार जाहिरात यांसाठी ‘रा.वन’ने भोगलेली अपकीर्ती न्याय्य आहे. परंतु ‘भारतीयांना विज्ञानपट जमत नाही’ याचा पुरावा म्हणून त्याचे नाव घेणे सर्वथा अन्याय्य आहे. नारळीकरांची ‘कृष्णविवर’ १९७४ साली टोपणनावाने आली. विज्ञानकथा लिहिणारा तोच लेखक २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. मधल्या ४७ वर्षांत मराठी वाचकाने विज्ञानकथेला जो धीर दाखवला, तो विज्ञानपटालाही दाखवावा लागेल.

हा चित्रपट घरी संपूर्ण दाखवण्याच्या योग्यतेचा नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावे. परंतु कुमारवयीन मुलांशी बोलताना त्यातील दोन प्रसंग अवश्य निवडावेत : विजयादशमीचा आणि दहा रूपांचा. रावण दरवर्षी का जाळावा लागतो आणि दहा चेहऱ्यांतून खरा चेहरा कसा ओळखावा, हे मुलांनाच विचारावे. शक्य झाल्यास त्यानंतरच्या सुट्टीत त्यांना वेरूळला न्यावे आणि त्या पर्वताखालच्या रावणासमोर उभे करून वरच्या शिवाकडे पाहायला सांगावे. चित्रपटाला जे दाखवता आले नाही, ते तेथे बाराशे वर्षांपासून कोरलेले आहे.