मांजर, विहीर आणि १०१

झाडावर अडकलेल्या मांजरासाठी फायर ब्रिगेडनं यावं का?

प्रश्न तसा इम्पोर्टेड आहे. इंग्रजी सिनेमात आणि कार्टूनमध्ये छोट्या मुलीचं मांजर झाडावर अडकतं, लाल गाडी येते, शिडी लागते, टाळ्या पडतात. आमच्या जळगाव-धुळ्याकडे कडुनिंबावर बसलेल्या मांजरासाठी बंब बोलवा म्हटलं, तर लोक म्हणतील, "काय भो, डोकं फिरलं का?" चढलं तसं उतरेल, हा आपला साधा हिशोब.

आणि झाडापुरता तो हिशोब बऱ्यापैकी बरोबर आहे. मांजराच्या नख्या आत वळलेल्या असतात. वर चढायला झकास, पण डोकं खाली करून उतरायला बिनकामाच्या. त्याला मागे सरकत सरकत उतरावं लागतं आणि हे सुचायला जरा वेळ लागतो. (काही प्रोजेक्ट्सचंही असंच असतं. असो.) खालची गर्दी हटवली, कुत्री हाकलली, बुंध्याशी वासाचं काहीतरी खायला ठेवलं की बहुतेक वेळा रात्री सामसूम झाल्यावर स्वारी आपली आपण खाली येते. झाडावर मांजराचा सांगाडा कधी कुणी पाहिलाय का, असा अमेरिकेतल्या फायरवाल्यांचा एक जुना विनोदच आहे.

तेव्हा विषय संपला? नाही. कारण आपल्याकडचा खरा प्रश्न झाडाचा नाही, विहिरीचा आहे.

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. नेवासा तालुक्यातलं वाकडी गाव (जिल्हा तेव्हा अहमदनगर, आता अहिल्यानगर). एका जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत बायोगॅसचं शेण साठवलेलं होतं. त्यात मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला आणि आतच अडकला. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा... असे सहा जण गेले. पाच मेले. सहावा वाचला, कारण त्याच्या कंबरेला दोर बांधलेला होता.

ही बातमी वाचून "एका मांजरापायी पाच माणसं? काय हा मूर्खपणा!" असं म्हणणारे भरपूर भेटतात. एसीत बसून असं म्हणणं सोपं आहे. पण नीट बघा. मांजरासाठी फक्त पहिला माणूस उतरला. त्याच्यामागचे सगळे माणसासाठी उतरले. तुमचा भाऊ डोळ्यांदेखत खाली कोसळला तर तुम्ही काठावर उभे राहून गॅसचा विचार कराल का? मला माझी खात्री नाही.

आणि गॅस दिसत नाही, हीच तर भानगड आहे. बंद जागेत शेण कुजलं की हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू तयार होतात, ऑक्सिजन कमी होतो. या वायूला सडक्या अंड्याचा वास असतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येणं बंद होतं. म्हणजे धोका सर्वात जास्त असतो तेव्हा अलार्म म्यूट! अशा जागी पोहता येणं, अंगात ताकद असणं, काहीच उपयोगाचं नाही. पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क लागतो. तो संच आणि तो वापरायचं ट्रेनिंग शेजाऱ्यांकडे नसतं, अग्निशमन दलाकडे असतं.

म्हणून माझं मत असं: फायर ब्रिगेड मांजरासाठी येते, ही समजूतच चुकीची आहे. ती मांजरामागे उतरणाऱ्या माणसासाठी येते. मांजर हा फक्त पहिला कॉल.

लंडनची फायर ब्रिगेडही काहीसं असंच सांगते. प्राणी अडकला तर आधी प्राण्यांच्या संस्थेला फोन करा, असं त्यांचं म्हणणं असतं. तरीही ते जातात, कारण आपण गेलो नाही तर लोक स्वतःच चढा-उतरायला लागतील आणि जखमी होतील, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

आता दुसरी बाजू. जळगाव काय आणि धुळे काय, दोन्हीकडे महापालिका आली २००३ मध्ये. बंब मोजके, माणसं मोजकी. उन्हाळ्यात कुठे कडब्याची गंजी पेटते, कापसाच्या सीझनला कुठे जिनिंग पेटतं. बंब मांजरामागे गेला आणि इकडे घर जळालं तर? आक्षेप रास्त आहे. पण यावर उत्तर "जाऊच नका" हे नाही. सपोर्टमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा. छोटं तिकीट आलं म्हणून आपण ते फाडून फेकत नाही, त्याला प्रायॉरिटी लावतो. मोठं आलं की छोटं बाजूला.

तसंच इथे करता येईल. मांजर झाडावर असेल तर एक दिवस थांबा. पक्षी विजेच्या तारेवर अडकला असेल तर आधी महावितरणला सांगून लाईन बंद, मगच शिडी. (जवानाचा जीवही जीवच असतो.) विहीर, सेप्टिक टँक, शेणाचा खड्डा असेल तर लगेच निघा, पण मोठा बंब न नेता छोट्या गाडीत दोघं-तिघं, दोर आणि मास्क घेऊन. मध्येच आगीचा कॉल आला तर मांजर थांबेल.

शिवाय कुणी कुणाला फोन करायचा, हाही एक गोंधळच आहे. बिबट्या विहिरीत पडला तर वनखात्याचा १९२६. जनावर आजारी असेल तर पशुवैद्यकीय सेवेचा १९६२. (दोन आकडे इकडचे तिकडे झाले की बिबट्याचा कॉल गुरांच्या डॉक्टरकडे. नंबर देणाऱ्याला दंडवत!) आणि मांजरासाठी? कुणीच नाही. म्हणून मग गल्लीतला सर्वात धाडसी पोरगा.

गावात तर बंब तालुक्याहून येणार, तो कधी पोचेल देव जाणे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पाणी खोल गेलं, लोक बोअरकडे वळले आणि जुन्या विहिरी तशाच उघड्या राहिल्या. त्यांच्यावर जाळी टाकायला फायर ब्रिगेड लागत नाही, ग्रामपंचायतीचा एक ठराव आणि थोडे पैसे लागतात. मांजर पडलंच तर दोराला टोपली बांधून खाली सोडा. बिबट्यासाठी वनखातं दोरांनी खाट सोडतं, तो आपला आपण वर चढून बसतो. मांजर काही बिबट्याहून मठ्ठ नाही.

टोपलीनं जमलं नाही तर १०१ किंवा ११२ लावा. फोनवर "मांजर पडलंय" म्हणून थांबू नका. "विहीर जुनी आहे, आत शेण आहे आणि इथली दोन पोरं उतरायला निघालीत," हेही सांगा. आणि गाडी येईपर्यंत त्या पोरांचे दंड धरून ठेवा.