कालनिर्णयच्या चौकोनातली फवारणी

प्रति,
मा. अध्यक्ष,
कृषी व प्रक्रिया खाद्य उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण (अपेडा),
नवी दिल्ली

विषय : निर्यातीच्या द्राक्षबागांतील फवारणीच्या नोंदी सॉफ्टवेअरने आपोआप भरल्या जाण्याबाबत

महोदय,


मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मागच्या हंगामात माल उतरायच्या तोंडावर ऑडिट होतं, म्हणून आम्ही ज्या कंपनीला माल देतो तिचा फील्ड ऑफिसर ओट्यावर लॅपटॉप उघडून बसला होता. चहा होईपर्यंत मी सहज त्यात डोकावलो. माझ्या प्लॉटची फवारणी डायरी समोर होती. तारीख, वेळ, औषधातला घटक, एकरी मात्रा, पाणी, काढणीआधी किती दिवस थांबायचं, सगळे रकाने भरलेले आणि प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण. माझ्या हातून अशी डायरी सात जन्मात झाली नसती.

नोव्हेंबरअखेरच्या एका ओळीवर नजर थांबली. सकाळी साडेसात, बुरशीनाशकाची फवारणी, फवारणारा म्हणून माझं नाव. त्या दिवशी माझ्या वडिलांचा दहावा होता. साडेसातला मी नदीवर होतो, डोकं भादरून, कावळा कधी शिवतोय याची वाट बघत. बागेत कोणी पाऊलही टाकलं नव्हतं.

विचारलं तर पोरगा बिचारा गोंधळला. म्हणाला, “दादा, छाटणीची तारीख टाकली की सॉफ्टवेअर शेड्यूलप्रमाणे स्वतःच भरतं. माझ्याकडे तुमच्यासारखे दीडशे प्लॉट आहेत, ते हातानं कुठं भरत बसू?” त्याच्यावर माझा राग नाही. दीडशे प्लॉट दिले तर मीही तेच केलं असतं.

खरी नोंद घरात होती, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर. आमच्या घरी फवारणीची नोंद मंडळी लिहितात. तारखेच्या चौकोनात दूध किती, गॅस कधी लागला आणि त्याच्याखाली बागेत काय मारलं. दहाव्याच्या चौकोनात फक्त ‘दहावा’ लिहिलेलं आहे. तेराव्यापर्यंत ब्लोअर निघालाच नाही, तोवर केवडा रोगानं बागेतल्या खालच्या दोन ओळी धरल्या होत्या, म्हणून नंतर मारलेलं औषध शेड्यूलमधलं नव्हतंच. ते औषध, त्याची मात्रा आणि तारीख कालनिर्णयवर आहे. लॅपटॉपवर नाही.

पुढे काय झालं? नमुना पास झाला, ऑडिट पास झालं, कंटेनर गेला, पैसेही आले. तक्रार करावी असं काहीच घडलं नाही. मी पत्र लिहितोय ते त्याच काळजीनं. ही चूक कोणाच्याच लक्षात आली नाही आणि या पद्धतीत ती येणारही नव्हती.

आपल्या कामाचं मोल मला कळतं. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले, त्या धक्क्यातून उर्वरित अंश तपासणीचा कार्यक्रम उभा राहिला. २००६ मध्ये आपण ग्रेपनेट ही संगणक प्रणाली सुरू केली. सातबाऱ्यावरचा एक प्लॉट, त्याची नोंदणी, कृषी खात्याची तपासणी, लॅबचा अहवाल, अ‍ॅगमार्क, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र हे सगळं एका धाग्यात ओवलं गेलं. लॅबमध्ये नापास झालेला प्लॉट संगणकच अडवतो, तिथे कोणाची ओळख चालत नाही. ताज्या फळासाठी देशात असं काम आधी कोणी केलं नव्हतं. परदेशात आमच्या पेटीला आज जो विश्वास मिळतो, त्यात याचा मोठा वाटा आहे.

पण याच व्यवस्थेला २०१० साली ठेच लागली, हे आपणही विसरला नसाल. क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आमच्या भाषेत सीसीसी किंवा लिहोसीन. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंडा आवरायला आणि काडीत घड तयार व्हायला बागेत ते सर्रास वापरलं जाई. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. आपल्याकडे ज्या रसायनांसाठी नमुने तपासले जात, त्या यादीत हे नव्हतंच. लॅबला जे शोधायला सांगितलं ते तिनं शोधलं, माल पास केला आणि कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले. कित्येक बागायतदार त्या एका हंगामानं कर्जात बुडाले.

त्यातून यादी वाढवायची हा धडा आपण घेतला आणि यादी वाढलीही. मला त्यात आणखी एक धडा दिसतो. लिहोसीन कोणी लपून मारत नव्हतं. दुकानाच्या बिलावर ते होतं, घरोघरच्या वहीत होतं, आमच्यासारख्यांच्या कालनिर्णयवरही असेल. त्या खऱ्या नोंदी एका जागी असत्या, तर हंगाम सुरू होण्याआधी कोणीतरी एवढंच विचारलं असतं, की हे इतक्या बागांत मारलं जातंय आणि आपण ते तपासत का नाही? लॅब फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. काय विचारायचं ते डायरी सांगते. म्हणून डायरी खरी हवी. शेड्यूल बघून भरलेली डायरी आपल्याला जे आधीच माहीत आहे तेच परत ऐकवते.

आता सॉफ्टवेअरविषयी. मी त्याच्या विरोधात नाही, उलट ते जास्तच हवं आहे. एकच माहिती आम्ही ग्लोबलगॅपसाठी एका नमुन्यात देतो, निर्यातदाराला दुसऱ्या, परदेशातल्या सुपरमार्केटला तिसऱ्या. हे काम यंत्रानं खुशाल करावं. काढणीपूर्व कालावधीचे दिवस मोजणं, औषध परवानगीच्या यादीत आहे का ते बघणं, अहवाल इंग्रजीत मांडणं, यात माणसानं डोळे फोडण्यात अर्थ नाही. पण २०० लिटरच्या ड्रममध्ये काय ओतलं, हे फक्त ओतणाऱ्यालाच ठाऊक असतं. तो रकाना यंत्रानं अंदाजानं भरला, की त्यापुढचा सगळा हिशेब बिनचूक होतो आणि सगळा खोटा होतो.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत.

पहिली, नोंद ड्रमपाशी व्हावी आणि मराठीत व्हावी. २०२१ पासून आम्ही ई-पीक पाहणी स्वतःच्या मोबाइलवरून करतो. बांधावर उभं राहून फोटो काढतो, रेंज नसली तर घरी येऊन पाठवतो. ज्या शेतकऱ्याला ते जमलं, त्याला बाटलीच्या लेबलचा फोटो आणि दोन आकडे पाठवणं जड नाही. लिहायला उशीर झाला तर होऊ द्या, पण ‘उशिरा भरली’ हा शिक्का त्या ओळीवर राहू द्या. आणि जी ओळ शेड्यूलवरून आपोआप आली, ती शेतकऱ्यानं होकार देईपर्यंत हिरवी होऊ नये.

दुसरी, या नोंदीतून आम्हालाही काही मिळावं. आज माहिती सगळी वर जाते, खाली परत काही येत नाही. फवारायच्या आदल्या संध्याकाळी फोननं सांगावं, ‘हे मारलंत तर अमुक तारखेआधी माल उतरवता येणार नाही.’ युरोपनं हंगामात एखादी मर्यादा खाली आणली, तर ज्यांच्या डायरीत ते औषध आहे त्या प्लॉटधारकांना त्याच दिवशी कळावं. आणि निर्यातदार बदलला तरी माझी डायरी माझ्याबरोबर यावी. ती मागच्या कंपनीच्या कपाटात अडकून पडू नये.

तिसरी मागणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि ती सॉफ्टवेअरची नाही. खरं लिहिणाऱ्याला शिक्षा नको. समजा, मी चुकून यादीबाहेरचं औषध मारलं आणि प्रामाणिकपणे नोंदवलं. आज माझा प्लॉट बाद होईल, आणि शेजारी तेच मारून गप्प बसला तर त्याचा माल जाईल. अशा हिशेबात वहीत खरं कोण लिहील? चूक स्वतःहून कळवली तर त्या प्लॉटचा जादा नमुना घ्यावा, अंश मर्यादेत असतील तर माल जाऊ द्यावा, नसतील तर अडवावा. पण नमुन्याआधीच त्याला गुन्हेगार धरू नये. लपवणाऱ्याला मात्र सोडू नये.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याच्या हाती दिलं तर तो नीट भरणार नाही, खाडाखोड होईल, रकाने रिकामे राहतील. राहतील. पण रिकामा रकाना बघून ऑडिटर मला विचारील, ‘दादा, या दिवशी काय झालं?’ आणि मी सांगेन, त्या दिवशी दहावा होता. साडेसातच्या त्या हिरव्या खुणेनं तो प्रश्नच उरू दिला नाही.

येत्या ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होईल आणि कुठल्या तरी लॅपटॉपवर माझ्या छाटणीची तारीख टाकली जाईल. त्याआधी आपल्याकडून उत्तर आलं तर बरं होईल. मागच्या वर्षीचं कालनिर्णय आम्ही रद्दीत घातलेलं नाही. तपासायला कोणी आलं, तर ते खिळ्यावरच आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक द्राक्ष बागायतदार
तालुका दिंडोरी, जिल्हा नाशिक