छपराचा खर्च मे महिन्यात नव्हे, थंडीआधी करा

पाऊस उघडला की शिरपुरात छपराचा विषय मिटतो. गळतीखाली ठेवलेली घमेली उचलली जातात, पत्र्यावरचे प्लास्टिक तसेच फडफडत राहते आणि ‘आता मे महिन्यात बघू’ म्हणून कारागीर धंद्याला लागतो. आमच्या मते ही सवय तोट्याची आहे. ज्याचे राहते घर हाच कारखाना आणि हेच गोदाम, त्याने छपराचे काम दिवाळीच्या सुमारास, थंडी पडण्याआधी उरकले पाहिजे.

खानदेश म्हणजे ऊन, असे बाहेरचे लोक समजतात. पण डिसेंबर-जानेवारीत धुळे जिल्ह्यात पारा काही वर्षी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. जुन्या धाब्याच्या घरात ही थंडी एवढी जाणवत नसे. लाकडावर घातलेला मातीचा जाड थर दिवसाची ऊब धरून ठेवी व रात्री हळूहळू सोडी. मात्र त्या धाब्यावर दरवर्षी माती टाकावी लागे. ती मेहनत व मजुरी परवडेना, म्हणून पत्रे आले. पत्रा स्वस्त, हलका आणि लवकर बसणारा. पण तो ऊब धरत नाही. निरभ्र रात्री तो घरातल्या हवेपेक्षाही थंड होतो. माणसांच्या श्वासाची व स्वयंपाकाची वाफ त्याला लागून तिचे थेंब होतात आणि पहाटे पत्र्याला ‘घाम’ सुटतो.

हा घाम धंद्यावर पडतो. पिंजारी बांधवांचा गादी-रजईचा हंगाम हिवाळ्याचाच. पिंजलेला कापूस ओला झाला की त्याच्या गुठळ्या होतात, वास येतो आणि गिऱ्हाईक परत जाते. शिंप्याकडे लग्नसराईचे कापड असते, त्यावर गंजाचा एक थेंब पडला तर भरपाई खिशातून द्यावी लागते. वर्षभराच्या कमाईचे दिवस आणि छप्पर बिघडलेले, हा हिशेब कोणत्या व्यापाऱ्याला पटेल?

हे काम आत्ताच का, याची तीन कारणे आहेत. पहिले, गळतीचे डाग भिंतीवर अजून ताजे असतात. मे महिन्यापर्यंत ते सुकतात आणि भोक नेमके कुठे हे शोधण्यात मजुरी जाते. दुसरे, स्लॅबवरच्या सिमेंटच्या कामाला ओल टिकावी लागते. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, पाण्याची ओढ असते. अशा उन्हात गिलावा मुरण्याआधीच सुकतो व तडकतो. नोव्हेंबरात आठ-दहा दिवस पाणी मारले तर तेच काम पक्के होते. तिसरे, हिवाळा कोरडाच जाईल याची खात्री राहिलेली नाही. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये राज्याच्या मोठ्या भागात गारपीट झाली. नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस उत्तर महाराष्ट्रात अवकाळी पाऊस व गारा पडल्या.

काम फार मोठे नाही. पत्र्याचे नट-बोल्ट तपासून फाटलेले वॉशर बदलावेत. भोक नेहमी पन्हाळीच्या उंचवट्यावर असावे, खोलगट भागात नको. तिथे पाणी साचते. गंज घासून प्राइमर व रंग द्यावा. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर पाय देऊ नये, तो अचानक फुटतो. फळी टाकून तिच्यावरूनच चालावे. असे पत्रे कोरडे कापू नयेत, त्यांतील ॲस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसाला घातक आहे. माल पत्र्याला किंवा भिंतीला टेकवून न ठेवता फळ्यांवर रचावा. पत्र्याखाली वाफ बाहेर जायला जागा ठेवावी. थंडीसाठी सगळ्या फटी पोत्यांनी बुजवून आत कोळशाची शेगडी पेटवणे तर जिवावरचे आहे. तिचा विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही आणि झोपलेले घर उठत नाही.

भाड्याच्या जागेत मालक व भाडेकरू एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मध्ये माल भिजतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 जिथे लागू आहे तिथे, वेगळा करार नसेल तर, दुरुस्तीची जबाबदारी मालकाची आहे. नोटीस दिल्यानंतर वाजवी मुदतीत (ही मुदत किमान पंधरा दिवसांची असावी लागते) त्याने काम केले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात त्या वर्षीच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. भांडणापेक्षा लेखी नोटीस व पक्की बिले कामाला येतात.

पैशाचे काय, असा प्रश्न येईल. गल्ल्यातून रोज दहा रुपये बाजूला टाकले तर वर्षाला 3,650 रुपये होतात. त्यात नवे छप्पर होणार नाही. पण वॉशर, रंग आणि एखाद्या दिवसाची मजुरी निघते आणि ऐन वेळी व्याजाने पैसे उचलण्याची पाळी टळते. आपण शिलाई मशीनला तेल घालतो, पिंजणयंत्राचा पट्टा बदलतो आणि तो खर्च धंद्याच्या वहीत लिहितो. छप्पर मात्र घरखर्चात ढकलतो. ज्या छपराखाली धंदा चालतो, ते धंद्याचेच अवजार आहे. यंदा वहीत त्याच्या नावाचे एक पान उघडा.