वारंवार पडणारा स्विच

पावसाळा लागला की पुष्कळ घरांत एकच तक्रार ऐकू येते, 'मीटरजवळचा तो स्विच सारखा पडतो!' मग ओळखीचा कुणी येतो, स्विच बाजूला काढून वायर 'डायरेक्ट' जोडून देतो आणि घरची मंडळी सुटकेचा श्वास सोडतात. आमच्या मते हा उपाय जिवावर बेतणारा आहे. ताप आला म्हणून कुणी थर्मामीटर फोडत नाही!

हा स्विच म्हणजे ई.एल.सी.बी.; हल्ली बसवतात तो आर.सी.सी.बी. घरात येणारी आणि परत जाणारी वीज तो सतत तोलत असतो. दोहोंत फरक पडला, म्हणजे वीज भिंतीतून, यंत्रातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गळू लागली, की तो पुरवठा तोडतो. घरगुती स्विच साधारणपणे ३० मिलिअँपिअर गळतीसाठी असतो. हाताची पकड सुटेनाशी व्हायला १० ते २० मिलिअँपिअरही पुरतात. त्याहून अधिक वीज छातीतून वाहिली तर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. साध्या एम.सी.बी.ला एवढी बारीक गळती कळत नाही. तो वायरिंग सांभाळतो, माणूस नव्हे.

दोष शोधण्याची रीत सोपी आहे. सर्व उपकरणांच्या पिना काढाव्यात. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण न्यूट्रलमधूनही गळती होते. मग कोरड्या हातांनी, पायांत चपला घालून स्विच वर करावा. तो टिकला तर एकेक उपकरण लावून पाहावे. ज्याने तो पडेल, त्यात दोष. बहुधा गिझर, इस्त्री, कुलर किंवा पाण्याची मोटर सापडते. सर्व पिना काढूनही स्विच पडत असेल, तर थेट जोडलेले उपकरण, ओल आलेली भिंत किंवा बाहेरचा बोर्ड यांवर संशय घ्यावा आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. स्वतः बोर्ड उघडू नये.

वीज चालू असताना महिन्यातून एकदा स्विचवरील टेस्टचे बटण दाबावे. स्विच पडला नाही, तर तो बदलून घ्यावा. अर्थिंगही तपासून घ्यावे.

गिझरचा एलिमेंट बदलायला पैसे पडतात, हे खरे. पण 'डायरेक्ट' वायरची किंमत न्हाणीघरात कुणाला तरी जिवाने मोजावी लागेल.